प्रस्तावना: कुरबुर, धुसफूस, खडाजंगी

माझी पहिली नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होती. तिथल्या हिशेब खात्यात दोन टेबलं पाठीला पाठ लावून ठेवलेली होती आणि त्यांवर बसणारे दोघे सीनियर क्लार्क एकमेकांशी बोलत नसत. एकाची फाइल दुसऱ्याकडे जायची ती शिपायामार्फत. अंतर म्हणाल तर हात मागे केला की पोचेल एवढं. शिपाई फाइल उचलायचा, दोन्ही टेबलांना वळसा घालायचा, पलीकडे ठेवायचा. कधी त्यासोबत "व्हाउचर अपुरं आहे म्हणतात" असा निरोपही न्यायचा. तो निरोप पलीकडच्याने आधीच ऐकलेला असायचा, तरी शिपाई बोलून होईपर्यंत तो मान वर करत नसे.

मी रुजू झालो तेव्हा या अबोल्याला नऊ वर्षं झाली होती. कारण विचारलं तर तिघांनी तीन सांगितली. एक म्हणाला प्रमोशन, दुसरा म्हणाला पतपेढीच्या निवडणुकीतलं मत, तिसऱ्याच्या मते सगळं पंख्याच्या दिशेवरून सुरू झालं. कंपनीच्या दप्तरी मात्र हिशेब खातं आदर्श होतं. तक्रार नाही, मेमो नाही, युनियनचं पत्र नाही. मग एका मार्चमध्ये एका सप्लायरला एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. दोघांपैकी एकाच्या ते वेळेवर लक्षात आलं होतं. तो बोलला नाही, कारण त्याला बोलायचंच नव्हतं.

तुमच्या हातातलं हे पुस्तक या दोन टेबलांविषयी आहे. कारखाना, बँक, शाळा, इस्पितळ, सॉफ्टवेअर कंपनी आणि सरकारी कचेरी अशा ठिकाणी आयुष्य घालवलेल्या माणसांचे हे लेख. प्रस्तावना लिहायचा आग्रह संपादकांनी मला केला तो मी पर्सोनेल खात्यात, म्हणजे पुढे ज्याला एचआर म्हणू लागले त्यात, पस्तीस वर्षं काढली म्हणून. या विषयात नव्याने शिरणाऱ्याला आधी भोवतालचा मुलूख दिसावा, कुठली वाट कुठून आली ते कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

आधी शब्दांचं बघू. व्यवस्थापनावरच्या मराठी पुस्तकांत 'संघर्ष' हा शब्द असतो. संघर्ष म्हटलं की मोर्चा आठवतो, गेटवरची सभा आठवते. डबा खायला दोघांनी वेगवेगळी टेबलं धरली, हे त्यात येत नाही. खरं तर आपल्या भाषेत या प्रकरणाच्या पायऱ्या फार बारकाईने मोजलेल्या आहेत. कुरबुर असते तेव्हा माणूस बोलतो, पण कुणाला उद्देशून नाही. धुसफूस होते ती आपापल्या गटात. कागाळी वर जाते. अबोल्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं. खडाजंगी सगळ्या मजल्याला ऐकू जाते आणि तंटा शेवटी कागदावर येतो. यातली प्रत्येक पायरी वेगळी आहे आणि प्रत्येकीवर वेगळं काही करता येतं. बहुतेक कंपन्या जाग्या होतात त्या तंट्याच्या पायरीवर. 'कार्यसंस्कृती' हा शब्दही असाच छापील. नोकरीला लागलेल्या मुलीला आई कार्यसंस्कृती विचारत नाही. ती विचारते, "वातावरण कसं आहे गं तिथलं?" संपादकांनी पुस्तकभर 'वातावरण' हाच शब्द ठेवला आहे, हे मला बरं वाटलं.

तंट्याचंच बोलायचं तर, १५ ऑगस्ट २००७ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटावेत, म्हणून समित्या नेमल्या गेल्या, गावांना पुरस्कार मिळाले. मोहिमेच्या यशापयशाचा हिशेब इथे मांडायचा नाही. मला 'तंटामुक्त' या शब्दाची ओढ कळते आणि भीतीही वाटते. तंटा मिटवण्याला बक्षीस ठेवणं वेगळं आणि तंटा नसण्याला ठेवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तंटा न दाखवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. आमचं हिशेब खातं याच अर्थाने तंटामुक्त होतं. ऑफिसच्या तब्येतीचा अंदाज मी आता एकाच गोष्टीवरून बांधतो: खालच्या माणसाची कुरबुर किती वरपर्यंत पोचते आणि ती पोचवणाऱ्याला काय मोजावं लागतं.

आपल्याकडे हा विषय वर्गात जन्मला नाही, गिरणगावात जन्मला. १८५०च्या दशकात मुंबईत कापड गिरण्या सुरू झाल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसं येऊ लागली. मालक त्यांना ओळखत नव्हता, मॅनेजर त्यांची भाषा बोलत नव्हता. मधे उभा होता जॉबर. कामावर घेणारा तो, काढणारा तो, गावाकडून माणसं आणणारा तो. चाळीत खोली बघून द्यायची, अडीनडीला व्याजाने पैसे द्यायचे, दोघांची जुंपली तर निवाडा करायचा, हेही त्याच्याच हाती. बायकांच्या खात्यात हेच काम नाईकीण करी. जॉबरला नुसता खलनायक ठरवणं सोपं आहे. नव्या माणसाला त्या शहरात दुसरा आधार नव्हता, हेही खरंच. पण ज्याने दस्तुरी घेऊन नोकरी दिली त्याच्याचविरुद्ध दाद त्याच्याचकडे मागायची, ही व्यवस्था किती दिवस चालणार? १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१च्या अहवालात जॉबरच्या या अधिकारांवर नेमकं बोट ठेवलं आणि नोकरभरतीसाठी वेगळा लेबर ऑफिसर नेमा असं सुचवलं.

त्याच्या कितीतरी आधी, १८८४मध्ये, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे गेलं. मागण्या वाचल्या तर आजही चटका बसतो: आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेच्या आत, कामावर जखमी झाल्यास भरपाई. रविवारची सुटी मिळायला १८९० उजाडलं. रविवारी संध्याकाळी साहेबाचा व्हॉट्सअॅप मेसेज आला म्हणून आपण चिडतो, तो रविवार असा मिळालेला आहे.

गिरणीतल्या संपांचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या तोंडून तो जमवला, तो नव्या वाचकाने जरूर मिळवून वाचावा. मला मात्र १९२८च्या मोठ्या संपातली एक लहानशी गोष्ट इथे थांबून सांगायची आहे. त्या संपात गिरणगाव सहा महिने बंद होतं आणि कामगारांची एकजूट अभूतपूर्व होती. पण विणकाम खात्यात, जिथे मजुरी जास्त मिळायची, तिथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यात, म्हणजे मागावरच्या शटलमध्ये होतं. कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकातून दोऱ्याचं टोक तोंडाने ओढून घ्यायचं. ज्या धोट्याला एकाचं तोंड लागलं त्याला दुसऱ्याचं लागणार. सवर्ण विणकरांना ते चालत नव्हतं. मालकाने काढलेला असा कुठलाही लेखी नियम नव्हता. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या मागण्यांत घाला असा आग्रह धरला आणि संपसमितीने तो काहीशा नाइलाजाने मान्य केला.

हा धोटा मी नव्या एचआर मंडळींच्या प्रशिक्षणात नेहमी सांगत आलो. मालकाविरुद्ध खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या माणसांच्या आतही एक तंटा होता. तो तंटा म्हणून कुठेच नोंदला गेला नव्हता, कारण ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांची कुरबुर ऐकणारं कुणी तिथे नव्हतं. आज धोटा नाही. पण नव्या मुलाला पहिल्या दिवशी "पूर्ण नाव काय?" असं दोनदा विचारणं आहे, आडनाव कळल्यावर डब्याच्या टेबलावरची बदललेली बसण्याची जागा आहे. इंग्रजीतून आलेल्या बहुतेक पुस्तकांत जात हा शब्द नसतो, कारण ती ज्या ऑफिसांसाठी लिहिली गेली तिथे हा प्रश्न या रूपात नाही. आपल्याकडे तो वगळून वातावरणाबद्दल बोलणं म्हणजे मुंबईच्या हवेबद्दल बोलताना दमटपणा गाळण्यासारखं.

लेबर ऑफिसर आला तो असा, जॉबरचे अधिकार काढून घेण्यासाठी. १९३४च्या मुंबईच्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर नेमला. १९३६मध्ये नागपाड्यात सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तीच पुढची 'टिस', आणि या कामाचं रीतसर शिक्षण मिळू लागलं. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. मी ज्या खुर्चीवर बसलो तिची ही कुळकथा. पगार मालकाचा आणि कान कामगाराचा, ही त्या खुर्चीची मूळ अडचण. नाव बदलून एचआर झालं, पार्टनर झालं, तरी ती अडचण जशीच्या तशी आहे. "एचआर शेवटी कंपनीचंच" असं मुलं म्हणतात तेव्हा मला राग येत नाही. ती इतिहासच सांगत असतात.

तंटा मिटवण्याच्या कलेतला एक नमुना मात्र मुंबईबाहेरचा आहे. १९१८ साली अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी पस्तीस टक्के वाढीचा हट्ट धरला, मालक विसांवर अडले. मालकांच्या बाजूने अंबालाल साराभाई होते आणि कामगारांच्या बाजूने त्यांची सख्खी बहीण अनसूया. गांधीजींच्या उपासानंतर जी तडजोड झाली तिचा तपशील गमतीदार आहे. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची शपथ राहिली. दुसऱ्या दिवशी वीस टक्के, म्हणजे मालकांची राहिली. तिसऱ्या दिवसापासून साडेसत्तावीस, आणि पुढचा निर्णय पंचाचा. पंच आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे पस्तीस टक्के दिले. पहिल्या दोन दिवसांच्या आकड्यांना पैशाच्या हिशेबात फारसा अर्थ नाही. पण त्यांच्याशिवाय तिसरा दिवस उजाडलाच नसता. दोन डिपार्टमेंट-हेडना एका खोलीत बसवताना मला हे आकडे कितीदा तरी आठवले आहेत. आधी दोघांची लाज राखावी लागते, मग विषय निघतो.

आणि याच्या उलट उदाहरण म्हणजे १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. बोनस आणि पगार हे वरचे विषय. खाली एक जुना सल होता. १९४६च्या बीआयआर म्हणजे बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्याने एका धंद्यात एकाच युनियनला बोलण्याचा हक्क दिला होता आणि तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. कामगारांना जिचा भरवसा वाटत नव्हता ती युनियन कायद्याने त्यांच्या वतीने बोलत होती. ज्याच्यावर भरवसा बसला तो कायद्याच्या खोलीत येऊच शकत नव्हता. संप रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही. तो विरत गेला, आणि त्याबरोबर गिरणगावही. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकातलं कुटुंब पाहिलं की त्याची किंमत घराच्या आत कशी वसूल झाली ते कळतं. एरवी आपल्या साहित्याने कचेरी बरीचशी विनोदासाठी वापरली. 'असा मी असामी'तल्या कारकुनावर आपण पोटभर हसलो. त्याच्या पोटातलं फार कुणी विचारलं नाही.

आता पुस्तकी शास्त्राकडे येऊ. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने १९११मध्ये सांगितलं की काम शास्त्रशुद्ध मोजून वाटलं तर मालक-कामगार भांडणाला कारणच उरणार नाही. पुढे शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात झालेल्या प्रयोगांतून एल्टन मेयो आणि मंडळींनी दाखवलं की माणूस मोजमापाने नव्हे, आपल्या टोळीच्या अलिखित नियमांनी चालतो. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं. भांडण हा दोन्ही पंथांना आजार वाटे, फक्त औषधं वेगळी.

त्याच काळात मेरी पार्कर फॉलेट ही बॉस्टनची बाई वेगळंच सांगत होती आणि माझ्या मते या सगळ्या क्षेत्रात तिच्याइतकं स्वच्छ फार थोड्यांना दिसलं. १९२५मधल्या एका व्याख्यानात तिने मांडलं की मतभेद ही चांगली किंवा वाईट गोष्ट नसते, ती नुसती असते. घर्षणाने यंत्र झिजतं, तसं घर्षणानेच व्हायोलिन वाजतं. भांडण संपवण्याच्या तिने तीन वाटा सांगितल्या: एकाने दुसऱ्याला दाबणं, दोघांनी थोडं थोडं सोडणं, आणि तिसरी म्हणजे दोघांना नेमकं काय हवंय ते उकरून त्यात बसेल असा नवा तोडगा शोधणं. उदाहरण साधं. वाचनालयाच्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी, तिला बंद हवी. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्याला हवा पाहिजे होती, तिला अंगावर येणारा झोत नको होता. 'खिडकी' हा दोघांचाही मुद्दा नव्हता.

हे मी पुस्तकात वाचलं ते नंतर. त्याआधी मला ते गणपतीच्या रजेत भेटलं. आमच्या मेंटेनन्स खात्यात निम्मे लोक कोकणातले. गणपतीत यंत्रं बंद ठेवता येत नसत, सहा जणांपैकी तिघांनाच रजा. वर्षानुवर्षं सुपरवायझर चिठ्ठ्या टाकायचा. चिठ्ठ्यांत अन्याय नसतो, म्हणून तक्रारही करता येत नाही. पण ज्याची चिठ्ठी निघत नसे तो दिवाळीपर्यंत पाना आपटत काम करायचा. एका वर्षी चिठ्ठ्या टाकण्याआधी मी सहाही जणांना चहाला बसवलं आणि विचारलं, गावाला जाऊन नक्की काय करायचं असतं? एकाकडे दीड दिवसाचा गणपती. त्याला चतुर्थीला घरी असायचं होतं, तिसऱ्या दिवशी तो परतायला तयार. दुसऱ्याच्या नव्या सुनेचा पहिला ओवसा होता. त्याला गौरीपूजनाचा दिवस चुकवायचा नव्हता, चतुर्थी भावाने केली तरी चालणार होतं. तिसऱ्याच्या घरी गणपतीच नव्हता, भावकीतल्या आरत्यांना आणि बाल्यांच्या नाचाला जायचं होतं. चौथा म्हणाला, "साहेब, मला गर्दीत जायचंच नाही. गणपती झाले की भात कापायला आठ दिवस द्या." सगळे इतकी वर्षं 'गणपतीची रजा' या एकाच शब्दासाठी भांडत होते. त्या वर्षी सहाही जण गावाला जाऊन आले. अर्धा तास आणि सहा कप चहा, एवढाच खर्च. हे दर वर्षी जमलं असं मात्र समजू नका. पुढच्याच वर्षी दोघांच्या घरी गौरी आल्या आणि पुन्हा चिठ्ठ्या निघाल्या.

फॉलेट विसरली गेली. युद्धानंतरच्या काळात गाडी इतर रुळांवरून धावली. त्यातला एक रूळ अहमदाबादेतून जातो. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३मध्ये साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये आले. तिथे नवे स्वयंचलित साचे बसवले होते, पण उत्पादन अपेक्षेइतकं वाढत नव्हतं आणि कापडात दोष फार निघत होते. यंत्रात खोट नव्हती. काम इतक्या बारीक तुकड्यांत वाटलं होतं की साचा बंद पडला तर तो कुणाचा हेच ठरत नव्हतं, प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय होती. राइस यांनी सुचवलं की ठरावीक साच्यांचा एक संच एका लहान गटाकडे सोपवा. कामगारांनी ती कल्पना उचलली आणि आपले गट आपणच जुळवले. उत्पादन सुधारलं, दोषही घटले. रोजच्या भांडणाचं मूळ माणसांच्या स्वभावात शोधण्याआधी कामाच्या रचनेत शोधा, हा धडा इथला आहे. आणि अजूनही आम्ही दोन इंजिनिअर भांडले की त्यांना स्वभाव-चाचणीचा फॉर्म भरायला लावतो!

ब्रिटनमध्ये अॅलन फॉक्स यांनी १९६६मध्ये एक सोपी विभागणी केली. कंपनीला एक कुटुंब मानणारे आणि कंपनीत वेगवेगळ्या हिताचे गट असणारच असं मानणारे. पहिल्यांना भांडण म्हणजे घरातली बंडखोरी, दुसऱ्यांना रोजचा व्यवहार. "आपण सगळे एक फॅमिली आहोत" हे वाक्य ऐकलं की मी सावध होतो ते फॉक्स वाचल्यापासून. कुटुंबात पगारवाढ मागता येत नाही.

पुढच्या पंथांची नुसती ओळख पुरे, पुस्तकात ते जागोजागी भेटतील. थॉमस आणि किलमन यांनी १९७४मध्ये माणसाच्या भांडणात वागायच्या पाच तऱ्हा सांगितल्या. आपल्या भाषेत त्या म्हणजे रेटणं, पड खाणं, टाळणं, तडजोड आणि मिळून तोडगा काढणं. प्रशिक्षणाच्या खोलीत सगळे पाचवीवर खूण करतात. फिशर आणि युरी यांनी १९८१मध्ये वाटाघाटींवरच्या पुस्तकात फॉलेटचीच खिडकी नव्याने उघडली. एडगर शाईन यांनी १९८५मध्ये वातावरणाचे तीन थर दाखवले: डोळ्यांना दिसतं ते, बोललं जातं ते, आणि खाली गृहीत धरलेलं. साहेबाच्या दारावर 'दार सदैव उघडे' अशी पाटी असते हा मधला थर. आत गेलेल्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना पाठ असतं, तो तिसरा. कामातल्या मतभेदाने टीम सुधारते आणि वैयक्तिक भांडणाने बिघडते, हा सिद्धान्त मधे फार लोकप्रिय झाला. नंतरच्या अभ्यासांत ही रेघ इतकी सरळ निघाली नाही. मलाही ती कधी दिसली नाही. कामावरचं मत फेटाळलं गेलं की ते माणसाला लागतंच.

एका अभ्यासापाशी मात्र थांबावं लागेल. अॅमी एडमंडसन १९९०च्या दशकात इस्पितळांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीमकडून कमी चुका होत असतील, असा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. ज्या वॉर्डांचं नेतृत्व आणि आपसातलं जमणं चांगलं, तिथेच चुकांची नोंद जास्त. नंतर उलगडा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. बाकीच्या वॉर्डांत परिचारिका गप्प बसत होत्या. आमच्या हिशेब खात्याचं कोडं मला या आकड्यांनी सोडवून दिलं.

भारतातही हे काम झालं. उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी १९७५च्या सुमारास लार्सन अँड टुब्रोमध्ये 'एचआरडी' या नावाने वेगळी व्यवस्था घडवली. पारीक यांनी मोजायला घेतलेल्या गुणांमध्ये विश्वास आणि मोकळेपणा होताच, सामोरं जाणं हाही एक गुण त्यांनी धरला होता. पुढच्या नकलांमध्ये मोकळेपणाची पोस्टरं राहिली, सामोरं जाणं गळालं.

कायद्यानेही वातावरणात हात घातला. राजस्थानातल्या साथिन, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, भंवरीदेवी यांच्यावरच्या अत्याचारानंतर १९९७चा विशाखा निकाल आला आणि २०१३चा लैंगिक छळविरोधी कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी स्त्रिया चालणार नाहीत, एक सदस्य बाहेरचा. या कायद्यात एक तरतूद फार शहाणी आहे. पीडितेने स्वतः मागितला तरच समेट, आणि तोही पैशाच्या बोलीवर नाही. 'सामोपचार' हा शब्द दुबळ्याला गप्प करायला किती सहज वापरता येतो, याची जाण त्यात आहे. या पुस्तकातल्या लेखांवर माझा मोठा आक्षेपही इथेच. दोन-तीन लेखक सगळ्याच प्रकरणांना संवादाचं औषध देतात. छळ हा मतभेद नसतो. तिथे चहाला बसवायचं नसतं, चौकशी बसवायची असते.

आजच हे पुस्तक का, याचं उत्तर हिंजवडीच्या कुठल्याही बसमध्ये मिळेल. तिथे कुणी भांडत नाही, 'पेपर टाकतं'. अल्बर्ट हिर्शमन यांनी १९७०मध्ये सांगितलं होतं की संस्थेत बिघडलं की माणसापुढे दोन वाटा असतात, बोलणं किंवा निघून जाणं. युनियनच्या काळात निघून जाणं अवघड होतं म्हणून बोलणं घडलं. आज तरुण इंजिनिअरला निघणं सोपं आहे, निदान मंदी येईपर्यंत, म्हणून बोलण्याचा सराव कुणालाच नाही. त्याच इमारतीतल्या सुरक्षा रक्षकाला आणि हाउसकीपिंगच्या बाईंना या दोन्ही वाटा बंद, कारण ते दोघं ज्या कंपनीत राबतात तिथले नोकर नसतातच, कंत्राटदाराचे असतात. जॉबर गेला असं आपण म्हणतो खरं! वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी, असं २०२०ची औद्योगिक संबंध संहिताही सांगते. पण कंत्राटी बाईंनी कुणाच्या समितीचं दार वाजवायचं, या प्रश्नावर पुस्तकातला इस्पितळाचा लेख ज्या सावकाशीने थांबतो तसं मी इतरत्र वाचलेलं नाही. आणि भांडणं आता लेखी होतात. चॅटवर 'ओके' पाठवलं की 'ओके.' पाठवलं, त्या एका टिंबावरून दोन टीम तीन दिवस धुमसलेल्या मी पाहिल्या आहेत. दोन टेबलांमधला शिपाई गेला, त्याची जागा सीसीने घेतली.

हे पुस्तक दहा युक्त्या शिकवत नाही. लेखकांनी आपल्या ठिकाणची एकेक कुरबुर घेतली आहे आणि ती कुठून उठली, कुणी ऐकली, कुठे अडली, याचा माग काढला आहे. काही ठिकाणी गोष्ट चांगली संपते, काही ठिकाणी लेखकानेच नोकरी सोडलेली आहे. शाळेवरचा लेख मला सर्वांत कच्चा वाटला आणि सर्वांत खराही. मुख्याध्यापिकेचा राग अजून निवलेला नाही, तो वाक्यावाक्यात दिसतो. संपादकांनी तो इस्त्री करून गुळगुळीत केला नाही, याबद्दल त्यांचे आभार. बँकेवरचा लेख आधी वाचावा असं मी सुचवेन, कारण बदल्यांचं राजकारण कुणालाही परकं नाही. क्रमाने वाचायची गरज नाही.

लेखांत माणसांची आणि कंपन्यांची नावं नाहीत. छापायला जाण्याआधीचा मजकूर माझ्या टेबलावर पडला होता तेव्हा जुन्या कारखान्यातला एक सहकारी सहज घरी आला. त्याने चष्मा लावून दहा-बारा पानं चाळली, मग कप खाली ठेवून म्हणाला, "आमच्याबद्दल नाही ना काही लिहिलंयस?" मी म्हटलं, हिशेब खात्याची दोन टेबलं आहेत, नावं नाहीत. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पंख्यावरूनच झालं होतं ते. त्या दिवशी पंखा मी फिरवला होता."